‘कपात’ कशाच्या तुलनेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्प मांडला गेला की एका बाजूचे प्रवक्ते ‘आजवरची सर्वाधिक तरतूद’ म्हणतात आणि दुसऱ्या बाजूचे त्याच तरतुदीला ‘कपात’ ठरवतात. आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केल्यामुळे असेल, पण दोघांनीही कोणता आकडा पायाशी धरला आहे हे पाहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही.

खान्देशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलते. गेल्या आखाजीला एक लाखावर ठरलेल्या सालदाराने यंदा सव्वा लाख मागितले आणि मालकाने एक लाख पाच हजार कबूल केले, तर मालक पाच हजारांची वाढ सांगेल आणि सालदार वीस हजार कमी मिळाल्याचे सांगेल. दोघेही खोटे बोलत नाहीत. मात्र वर्षभरात किराणा दहा टक्क्यांनी महागला असेल, तर वाढ मिळूनही सालदाराचे घर पूर्वीसारखे चालणार नाही.

केंद्राच्या रोजगार हमीचे नेमके हेच झाले. २०२२-२३ साठी अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाच्या सुरुवातीची तरतूद) ७३,००० कोटी रुपयांचा होता, तो सुधारित अंदाजात (वर्ष संपत आल्यावर दुरुस्त केलेल्या आकड्यात) ८९,४०० कोटींवर गेला आणि २०२३-२४ साठी ६०,००० कोटी ठेवण्यात आले. ही घट पहिल्या आकड्याशी ताडली तर सुमारे १८ टक्के आणि दुसऱ्याशी ताडली तर सुमारे ३३ टक्के भरते. पुढे २०२३-२४ चाच सुधारित अंदाज ८६,००० कोटींवर पोहोचला आणि २०२४-२५ साठीही तेवढीच रक्कम धरली गेली. आता ही ६०,००० वरून झालेली ४३ टक्क्यांची वाढ म्हणावी की ८६,००० वरची शून्य वाढ? २०२५-२६ साठीही आकडा ८६,००० कोटींवरच थांबला. त्याला कोणी कपात म्हटले तर शब्द चुकेल, पण महागाई आणि मजुरीचे वाढलेले दर पाहता तेवढ्या रकमेत मजुरांच्या कामाचे दिवस (मनुष्यदिवस) कमीच भरणार, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याहून कामासाठी गुजरातेत जाणाऱ्या मजुराला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

राज्यातही तसेच. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२४ मध्ये वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज सांगितला गेला आणि २०२५-२६ साठी ३६,००० कोटी ठेवले गेले. दहा हजार कोटी कापले की पात्र महिलांपुरतेच ठेवले, यावर पुष्कळ वाद झाला. पण दरमहा १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये, आणि ३६,००० कोटी त्या दराने बरोबर दोन कोटी महिलांना पुरतात, हा साधा भागाकार त्या वादात फारसा कोणी मांडला नाही.

तेव्हा आपल्या दैनिकाने अर्थसंकल्पाच्या बातमीत प्रत्येक मोठ्या योजनेपुढे मागील वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च आणि नवी तरतूद एकाच चौकटीत छापावी, अशी विनंती आहे. प्रवक्त्यांची विधाने त्या चौकटीखाली आली तरी चालतील.

आपला,
एक निवृत्त लेखापाल,
अमळनेर, जि. जळगाव