उंबऱ्याबाहेर थांबा: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर ठाण्यातल्याच काही हौशी मंडळींबरोबर रविवारी सकाळी फिरायला जाऊ लागले. कौपिनेश्वर झालं, घोडबंदरचा किल्ला झाला, अंबरनाथचं शिवालय झालं. दिवाळीनंतर आमच्या गटावर निरोप आला: कामाठीपुऱ्याची, म्हणजे मुंबईतल्या जुन्या वेश्यावस्तीची, इतिहासफेरी, माणशी ६०० रुपये, शेवटी इराण्याकडे चहा आणि बनमस्का.

सून म्हणाली, “आई, तिथे बघायला काय जायचं?” पण माझं माहेर खेतवाडीचं. खेतवाडीच्या गल्ल्यांना नंबर आहेत, तसे कामाठीपुऱ्याच्याही गल्ल्यांना आहेत, आणि मध्ये चालत जाण्याइतकंच अंतर. लहानपणी आम्हाला एवढंच बजावलेलं असायचं, की पिला हाऊसच्या पलीकडे जायचं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. साठी उलटली तरी तो ‘का’ मनात होताच. म्हणून गेले.

आम्ही १८ जण होतो. ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड. फेरी नेणारा मुलगा तरुण, वाचलेला, मनापासून बोलणारा. सुरुवातीचा तासभर मी अगदी विद्यार्थिनी होऊन ऐकलं. तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठ्यांची ही वस्ती. मुंबईची बांधकामं ज्यांच्या डोक्यावरच्या घमेल्यांनी उभी राहिली त्या मजुरांचं नाव अजून तिला आहे. पिला हाऊस म्हणजे ‘प्ले हाऊस’, जुन्या नाट्यगृहांचा भाग. एप्रिल १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली आगगाडी आमच्या ठाण्याला आली, हे मी ३१ वर्षं फळ्यावर लिहीत आले. त्याच वर्षी विष्णुदास भावे यांची नाटकमंडळी ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करत होती, हे दोन धागे मी कधी एकत्र बांधले नव्हते. फॉकलंड रोडला आज पठ्ठे बापूरावांचं नाव आहे. शाहिराचं नाव मिळालेला तो रस्ता वर्षानुवर्षं पिंजऱ्यांसाठी, म्हणजे गज लावलेल्या कुंटणखान्यांसाठी, ओळखला गेला. इथपर्यंत सगळं उत्तम होतं.

मग आम्ही आतल्या गल्लीत वळलो आणि फेरीचा सूर बदलला. सफेद गल्लीत कोणत्या देशांच्या बायका असत, कुठला डॉन कुठे बसायचा, सिनेमात दाखवलंय ते घर कुठलं. भोवती माणसं राहत होती. सकाळचे साडेदहा वाजलेले, नळाला पाणी आलेलं, बायका कपडे धूत होत्या, एकजण पोराला तयार करत होती. आमच्यातल्या बहुतेकांनी फोन वर केले. मीही केला, हे लिहायला मला जड जातंय. एका घराच्या जिन्यावरची रंगीत लादी मला फार सुंदर वाटली होती.

त्या जिन्याच्या पायथ्याशी एक बाई मेथी निवडत बसली होती. पन्नाशीची असावी. तिने पदर तोंडावर ओढला आणि मला शांतपणे विचारलं, “कुठून आलासा?” बोलणं सीमाभागातलं, निपाणीकडचं वाटलं. मी ठाणं सांगितल्याबरोबर तिचा चेहराच उतरला. “ताई, माझी लेक तुमच्याच बाजूला हाय. होस्टेलात ऱ्हाती, कॉलेजात जाती. तिथं कुणाला म्हाईत न्हाई. तुमच्या फोटूत मी आले, आन् कुणी तिला दाखवला, तर संपलंच की तिचं.”

मी तिच्यासमोर बसून त्या सकाळचे सगळे फोटो पुसले. तिने फोन हातात घेऊन खात्री करून घेतली. मग जरा मोकळी झाली. लेक तान्ही होती तेव्हा रात्री तिला कुठे ठेवायची ते सांगितलं. ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ पासून या वस्तीतल्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर चालवलं आहे. आई धंद्यावर असताना मूल खाटेखाली झोपू नये, दलालाच्या नजरेस पडू नये, यासाठी. या वस्तीच्या इतिहासातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच, आणि आमच्या फेरीत ती नव्हती.

परतीच्या गाडीत मी उरलेल्या १७ जणांना फोटो पुसायची विनंती केली. पाच-सहा जणांनी पुसले. काहींनी ते आधीच इंटरनेटवर टाकले होते.

महोदय, त्या दिवसानंतर मी वाचत गेले आणि आमच्या फेरीतून काय काय गळलं होतं ते दिसू लागलं. आम्हाला सांगितलेल्या इतिहासात साहेब होते, खलाशी होते, गुंड होते, नटनट्या होत्या. ती वस्ती तिथे आणि तशीच का वसली, हे नव्हतं. अशी वस्ती आपसूक वसत नाही. इंग्रज सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांना आणि खलाशांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून बायकांची पोलिसांत नोंदणी, ठरावीक दिवसांनी सक्तीची तपासणी, रोग आढळला तर कुलूपबंद इस्पितळात रवानगी. पुरुषाची तपासणी नाही. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, मध्ये बंद पडला, पुन्हा आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. पण बाई कुठे बसेल, कुणाच्या नजरेखाली बसेल, हे सरकारने ठरवायचं, ही सवय तेव्हा लागली. युरोपातून आणलेल्या बायकांना पोलिसांनी याच भागात चालवून घेतलं, आणि साहेबाच्या सोयीचा तो बंदोबस्त आपण आज ‘सफेद गल्ली’ म्हणून गमतीने दाखवतो.

१९१७ मध्ये डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात, पळून जायचा प्रयत्न केला म्हणून एका बाईला छळ करून मारलं गेलं. खटला गाजला, शहर हादरलं. १९२३ मध्ये मुंबईत वेश्याव्यवसाय प्रतिबंधाचा कायदा आला, त्यामागे हा संतापही होता. त्या बाईचं नाव कागदोपत्री आहे. आमच्या फेरीत प्रत्येक डॉनचं नाव सांगितलं गेलं, तिचं नाही.

आणि निपाणीकडची ती बाई इथे कशी पोहोचली? सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली कोल्हापूर, बेळगाव, विजापूर भागातून पिढ्यान्‌पिढ्या या गल्ल्यांत येत राहिल्या. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा प्रथाबंदीचा १९८२ चा, आपल्या महाराष्ट्राचा तर २००५ चा. या सालांमधल्या अंतरात किती मुली आल्या असतील, याचा विचार करते तेव्हा माझा हात थांबतो. देव, जात आणि कोरडवाहू जमीन यांचा इतिहास सांगितल्याशिवाय कामाठीपुऱ्याचा इतिहास सांगून होत नाही.

फेब्रुवारी १९९६ चा छापाही असाच गाळला गेला. एका कारवाईत चारशेहून जास्त मुली-बायका सोडवल्या, त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. सुधारगृहांत महिनोन् महिने काढल्यावर तिथल्या संस्थांनी मुलींना घरी नेलं. परतलेल्यांपैकी काहीजणींनी ‘शक्ती समूह’ उभा केला, आणि २०१३ मध्ये त्या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या गल्लीत आम्हाला सिनेमातलं घर दाखवलं, तिथून हीही वाट निघते. सांगणाऱ्याला ती ठाऊक नसावी. त्याचा मला राग नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही, आणि इथे आपल्या खात्याचं काम सुरू होतं.

फेऱ्या बंद करा, असं मी म्हणत नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईने तसं म्हणू नये. मला लहानपणी न मिळालेलं उत्तर आजच्या मुलांना मिळायला हवं. पण उत्तर देताना कुणाच्या दारात उभं राहायचं, याला मर्यादा हवी. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना सन्मानाने जगण्याचा हक्क आहे हे स्पष्ट सांगितलं, आणि छापे, अटक, सुटका यांच्या वेळी त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून प्रसारमाध्यमांना बजावलं. पत्रकाराला जे वर्ज्य, ते ६०० रुपये भरलेल्या पाहुण्याला मोकळं कसं?

ॲमस्टरडॅममध्ये तर हा व्यवसाय कायदेशीर आहे. तरीही तिथल्या पालिकेने खिडक्यांत बसलेल्या बायकांसमोरून गट नेणाऱ्या फेऱ्या २०२० मध्ये बंद केल्या, कारण माणसांना प्रेक्षणीय स्थळ बनवणं त्यांना अपमानाचं वाटलं. त्याच शहरात पूर्वी हा व्यवसाय केलेल्या एका स्त्रीने १९९४ मध्ये माहिती केंद्र काढलं होतं. लोकांनी यावं, विचारावं आणि आमच्या तोंडून ऐकावं, हा हेतू. आपल्याला त्यासाठी परदेशात पाहायचीही गरज नाही. सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे. ‘वेश्या’ हा शब्द या बायकांनी स्वतः, ताठ मानेने, आपल्या संघटनेच्या नावात घातला. आपलं म्हणणं आपण मांडायला त्या केव्हाच शिकल्या आहेत.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की गाईडना प्रशिक्षण आणि ओळखपत्र देताना आपल्या खात्याने नियमच करावा: जिथे बायका राहतात आणि धंदा करतात त्या गल्ल्यांत गट न्यायचा नाही. पठ्ठे बापूराव मार्ग, पिला हाऊसची जुनी थिएटरं, ग्रँट रोड, नागपाडा या मोठ्या रस्त्यांवर उभं राहून हा सगळा इतिहास सांगता येतो. मी मनात ती फेरी आखून पाहिली आहे, कुठेच अडत नाही. फोन पिशवीत. आणि धंदा सोडलेल्या ज्या बायकांना बोलायचं असेल, त्यांनी एखाद्या खोलीत बसून, तोंड दाखवायचं की नाही ते स्वतः ठरवून बोलावं आणि त्याचं मानधन त्यांच्या हातात पडावं. ज्यांना बोलायचं नाही, त्यांना कुणी विचारूही नये.

दुसरी विनंती थोडी घाईची आहे. कामाठीपुऱ्याच्या सुमारे ३४ एकरांचा समूह पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला आहे. जुन्या उपकरप्राप्त इमारती पडतील, उंच इमारती येतील. त्या जागी राहणाऱ्यांना चांगलं घर मिळत असेल तर आनंदच आहे, गळकं छप्पर वारसा म्हणून जपा असं मी कुणाला सांगणार नाही. पण भाड्याच्या खाटेवर आयुष्य काढलेल्या बाईचं नाव कोणत्या भाडेपावतीवर असणार? ती कुठे जाईल हे गृहनिर्माण खात्याला विचारायला हवं, ते मी वेगळं विचारीन. आपल्याकडे मागणं एवढंच, की भिंती पडण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या, कामाठी कुटुंबांच्या, थिएटरात तिकिटं फाडणाऱ्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात आणि नव्या वसाहतीत एक खोली या इतिहासासाठी राखावी. १८६८ च्या कायद्याची इंग्रजी कागदपत्रं आपल्या पुराभिलेखागारात आहेत. त्या कागदांवर ज्यांचे नुसते नोंदणी क्रमांक आहेत, त्यांच्या नंतरच्या पिढ्यांचे आवाज मात्र कुठेच ठेवलेले नाहीत.

आता हे पत्र ज्यामुळे आजच लिहावं लागलं ते सांगते. कामाठीपुऱ्यातली भाडी परवडेनाशी झाली तशा पुष्कळ बायका आमच्या ठाणे जिल्ह्यात आल्या. भिवंडीची हनुमान टेकडी आणि नवी मुंबईतलं तुर्भे ही नावं ठाणेकरांना ठाऊक आहेत, उच्चारत कुणी नाही. यंत्रमाग, गोदामं, ट्रक, घरापासून लांब राहणारे कामगार, यांच्या आधाराने या वस्त्या टिकल्या. गेल्या आठवड्यात आमच्या गटावर पुढच्या फेरीचा निरोप आला. ठिकाण हनुमान टेकडी. तिथे पिला हाऊस नाही, जुनी थिएटरं नाहीत, बाजूला थांबून बोलावं असा मोठा रस्ताही नाही. अरुंद वाटा आणि त्यांवर उघडणारी दारं. तिथे गट गेला तर बायकांकडे पाहण्यावाचून तो दुसरं काही करू शकणार नाही.

मी आयोजकांना फोन केला. ते सौजन्याने बोलले, म्हणाले की नियमात बसत नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा. मी दाखवू शकले नाही, कारण तसं कुठे लिहिलेलंच नाही.

फेरी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. २५ जणांनी पैसे भरले आहेत. आपल्या खात्याकडून एक ओळीचं परिपत्रक निघालं तरी ती थांबेल. आपण वेळ दिलीत तर मी मंत्रालयात येऊन, मोठ्या रस्त्यांवरून आखलेली फेरी नकाशासह आपल्यासमोर ठेवीन. सकाळची कुठलीही वेळ चालेल.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
नौपाडा, ठाणे