अण्णांचा लॅपटॉप बदलू नकोस

सोलापूर,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीनू,
सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या दुकानातला लॅपटॉप बदलायचा, हा तुझा मेसेज मिळाला. फोनवरच बोललो असतो, पण यात मेनूची नावं आणि आकडे आहेत. लिहिलेलं असलं की तुला आणि रवीला समोर ठेवून करता येईल. आधी महत्त्वाचं सांगतो. लॅपटॉप ठणठणीत आहे, नवा घ्यायची गरज नाही. आणि बिलांसाठी पोरगा ठेवायचं जे रवीच्या मनात आहे, ते तर अजिबात करू नका. अण्णांची बिलं अण्णाच करतील. कालपासून करतायत.

आता झालं काय ते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून रवीने दिवाळीनंतर लॅपटॉप विंडोज ११ वर नेला. ते त्याने योग्यच केलं. जीएसटी आणि बँक दोन्ही त्याच मशीनवर चालतात, सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या सिस्टिमवर पैशाचं काम ठेवू नये. पण अपग्रेडनंतर बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की त्याची विंडो स्क्रीनच्या खाली उतरायची. वर पार्टीचं नाव, मधे मालाच्या ओळी, सगळं दिसायचं. एकूण रक्कम, सेव्ह आणि प्रिंट ज्या पट्टीवर आहेत ती पट्टी तेवढी गायब. माउस खाली नेला तर टास्कबारवर जातो. विंडो ओढून लहान करावी तर त्या प्रोग्रॅमला कडा ओढायची सोयच दिलेली नाही.

तुळशीची लग्नं झाली, लगीनसराई सुरू. चाटी गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. आहेराच्या चादरी, टॉवेल, नॅपकिन घ्यायला लातूरपासून विजापूरपर्यंतचे लोक आलेले, आणि अण्णा कार्बन घातलेल्या बिलबुकात हाताने लिहीत बसलेले. रात्री दुकान बंद झाल्यावर तीच बिलं रवी त्याच्या कॉम्प्युटरवर परत टाईप करायचा. त्यातून "अण्णांना आता नवीन मशीन झेपत नाही" हे घरात ठरून गेलं. मला राग आला तो त्याचा. बटणच स्क्रीनवर नसेल तर पंचवीस वर्षांचा पोरगाही ते दाबू शकत नाही.

कुणीतरी मधे उपाय म्हणून रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांचा आकडा, कमी करून ठेवलं होतं, १९२० बाय १०८० चं १२८० बाय ७२०. हे सगळीकडे करतात आणि यानेच घोळ वाढतो. लॅपटॉपच्या पॅनेलवर ठिपके ठरलेले असतात. कमी रिझोल्यूशन दिलं की तेच चित्र ताणून बसवावं लागतं, त्यामुळे अक्षरं फुटतात. आणि विंडो मावायला हव्यात जास्त ओळी, आपण उलट ओळी कमी करतोय. मी पहिल्यांदा ते पूर्ववत १९२० बाय १०८० केलं. रिझोल्यूशनला हात लावायचा नाही, हे रवीला नीट सांग.

खरं कारण स्केल. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं गेलं की 'स्केल' म्हणून एक आकडा दिसतो, स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दिसावं ते सांगणारा. जुन्या विंडोजमध्ये तो तू १२५ टक्के करून दिला होतास. अपग्रेडनंतर तो १५० वर गेला, कारण त्या चौदा इंची स्क्रीनसाठी तीच शिफारस दाखवली जाते.

हे अण्णांना कसं सांगावं असा विचार करत होतो, तेवढ्यात गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये त्यांचा जुना ग्राफ पेपर सापडला. उमेदीत जकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं रंगवायचे ना ते, मोराचं अर्धं रंगवलेलं डिझाइन होतं, लाल चौकोन अजून तसेच टवटवीत. तोच पुढ्यात घेतला. म्हटलं, अण्णा, स्क्रीन म्हणजे हाच ग्राफ समजा. आडव्या ओळी १०८०. स्केल १०० असेल तर प्रोग्रॅमची एक ओळ ग्राफची एक ओळ खाते. १५० केलं की एक ओळ दीड ओळ खाते. म्हणजे १०८० भागिले दीड, हाती उरल्या ७२०. त्यातल्या ४८ टास्कबारला गेल्या. विंडोज १० मध्ये टास्कबार ४० ओळींचा होता, ११ मध्ये ४८ चा झालाय. राहिल्या ६७२. आणि आपल्या बिलाची विंडो ७०० ओळींची आहे. तो आकडा त्या प्रोग्रॅमच्या सेटिंग फाइलमध्येच लिहिलेला मिळाला.

अण्णांनी चष्मा वर केला, ग्राफवर बोटाने मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "म्हणजे अठ्ठावीस ओळी कमी. डिझाइन पुरलं नाही, किनार कापली गेली." अगदी तेच. त्या अठ्ठावीस ओळींतच सेव्हचं बटण होतं. श्रीनू, इतकं झटकन मी कॉलेजच्या पोरांनाही समजलेलं पाहिलेलं नाही.

प्रोग्रॅम ७०० चाच का, तर तो ज्या काळात केलाय तेव्हा बहुतेक लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चे होते. ७६८ मधून टास्कबारचे ४० गेले तर ७२८ उरतात, ७०० ची विंडो आरामात बसते. करणाऱ्याने त्या दिवसांत हिशोब बरोबरच केला होता. पुढे स्क्रीन दाट झाले आणि अक्षरं दिसावीत म्हणून स्केल आलं. असा जुना प्रोग्रॅम स्केल ओळखत नाही. मग विंडोज त्याला स्क्रीन १०० टक्क्यांचाच आहे असं भासवतं आणि त्याने काढलेलं चित्र स्वतः मोठं करतं. म्हणून विंडो फुगते आणि अक्षरांच्या कडा धूसर दिसतात.

आता उपाय. स्केल १२५ केलं. १०८० भागिले सव्वा म्हणजे ८६४, टास्कबार वजा जाऊन ८१६. विंडो पूर्ण बसली आणि वर जागा उरली. स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत आत यावं, नाहीतर काही प्रोग्रॅम जुन्याच मापाने उघडत राहतात. खालीच 'कस्टम स्केलिंग' आहे, १०० ते ५०० मधला कुठलाही आकडा घेतं. ते वापरू नका. एकदा टाकलं की वरची नेहमीची यादी बंद पडते आणि मग ते काढायला शोधाशोध.

दुसरी एक वाट होती, ती मी मुद्दाम सोडली. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', तिथे खालच्या चौकटीत टिक करून 'ॲप्लिकेशन' निवडायचं. मग विंडोज त्या एका प्रोग्रॅमला मोठं करणं सोडून देतं, बाकी सगळं १५० वर राहतं. विंडो मावते, रेखीव दिसते. बऱ्याच ठिकाणी मी हेच करून देतो. पण अण्णांसमोर करून पाहिलं तर आकडे मुंगीएवढे झाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना तीन आणि आठ यांत फरक करायला वेळ लागतो, आणि भावाच्या रकान्यात तीनचा आठ झाला तर नुकसान दुकानाचंच. म्हणून त्याच यादीतलं तिसरं, 'सिस्टिम एनहान्स्ड', निवडलं. त्याने मोठेपणा तोच राहतो, पण जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमची अक्षरं विंडोज नव्याने काढतं, त्यामुळे कडा स्वच्छ होतात. सगळ्या प्रोग्रॅमना ते लागू पडत नाही. याला पडलं. तीन आणि आठ वेगळे दिसायला लागले आणि अण्णांनी मान हलवली, तेव्हाच मी पुढं गेलो.

१५० चं १२५ केल्याने बाकीच्या ठिकाणी अक्षरं थोडी लहान झाली, तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, टेक्स्ट साइझ इथे जाऊन फक्त अक्षर वाढवलं. आणि एखादा आकडा अगदीच बारीक वाटला तर विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह, की भिंग येतं. विंडोज आणि एस्केप दाबलं की जातं. हे त्यांना फार आवडलंय. गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर तपासताना वापरतात. छापील बिलाला या कशानेही फरक पडत नाही, कागदावरचं माप तेच राहतं.

पुढच्या एखाद्या अपडेटनंतर परत असं झालं तर घाबरायचं नाही. ऑल्ट आणि स्पेस, मग एम, आणि वरचा बाण दाबत राहायचा. विंडो वर सरकते, खालची पट्टी दिसते, बिल सेव्ह होतं. विंडो फुल असेल तर आधी ऑल्ट, स्पेस, आर. हे मी जाड पेनाने पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्यामागे चिकटवलंय. मग सावकाश स्केल बघायचं. स्केल १२५ च असेल आणि तरी सगळंच ढोबळ दिसत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर उघडायचा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असं दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनचं चित्र नीट चालवणारा प्रोग्रॅम, बसलेला नाही. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्यायचा, तसं दिसलं तर मला फोन करा.

रवीशी तू बोल, माझ्यापेक्षा तुझं ऐकेल. पोरगा ठेवायचाच असेल तर गठ्ठे उचलायला ठेवा, अण्णांची कंबर दुखतेय हे त्यांनी मला सांगितलं, तुम्हाला सांगणार नाहीत. नवीन लॅपटॉपची ऑर्डर टाकली असशील तर आजच रद्द कर. अशोक चौकातल्या गोडाऊनचा कॉम्प्युटर अजून विंडोज १० वरच आहे. तो ११ ला चालतो का ते रविवारी जाऊन बघतो, प्रोसेसर बघितल्याशिवाय रवीला त्याला हात लावू देऊ नकोस.

अम्मांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
महेश