चौथा रकाना कुठे गेला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या ठाणे पुरवणीत पन्नासच्या दशकापासून आजपर्यंतच्या लोकप्रिय मराठी गाण्यांचं पानभर कोष्टक आलं. आवडीने वाचलं, कापून ठेवलं. निवडीबद्दल माझं भांडण नाही, ते आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबरच होऊन गेलं. (सून म्हणाली ‘गारवा’ राहिलं, मी म्हटलं संगीतकार खळेकाका राहिले.) तक्रार वेगळी आहे. कोष्टकाला तीन रकाने आहेत : गाणं, वर्ष, गायक. गीतकाराला जागाच नाही.

‘गंगा जमुना डोळ्यात उभ्या का’ हे गाणं लता मंगेशकरांच्या नावापुढे आहे. गायलं त्यांनीच, चाल वसंत प्रभूंची. पण लिहिलं पी. सावळाराम यांनी, आणि ते ठाण्याच्याच पुरवणीतून गळावेत? हा माणूस या शहराचा नगराध्यक्ष होता. त्यांच्या नावाने इथे पुरस्कार दिला जातो. माझ्या बहिणीच्या पाठवणीला बँडवाल्याने क्लॅरिनेटवर हेच गाणं धरलं होतं. तोवर आचाऱ्याशी हिशेबावरून हुज्जत घालणारे आमचे वडील एकदम पाठ फिरवून उभे राहिले. क्लॅरिनेटला शब्द नसतात, पण वडिलांना रडवलं ते शब्दांनीच. ते त्यांना पाठ होते.

मी नौपाड्यात वीसेक वर्षं कॅसेटचं दुकान चालवलं. त्यामुळे गीतकाराचं नाव कसं गळत गेलं ते डोळ्यांदेखत पाहिलंय. रेडिओवर निवेदक गाणं लावताना गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायचे. त्यामुळे घराघरातल्या बायकांनासुद्धा कुणाचं गाणं ते माहीत असायचं. लाँगप्ले तबकडीच्या वेष्टनाच्या पाठीवरही नावं असायची. मग कॅसेट भरून देण्याचा जमाना आला. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर यादी आणायचं, मी साठ मिनिटांच्या कॅसेटवर ती उतरवून द्यायचो. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सात-आठ गाणी. (हे कायद्यात बसत नव्हतं, पण तेव्हा ते कुणाच्या गावीही नव्हतं.) कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर गाण्याला एक ओळ. त्यात मुखडा मावायचा आणि पुढे ‘लता’ नाहीतर ‘आशा’. म्हणजे या पापात मीही आहे.

एक निवृत्त शिक्षिका होत्या. भरून दिलेली कॅसेट त्या दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. मला वाटलं, टेप गुंतली असेल, म्हणून पेन्सिल शोधायला लागलो. त्यांनी नुसतं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. म्हणाल्या, “ही गाणी आभाळातून पडली का हो?” माझंच पेन घेतलं आणि उभ्याउभ्या, मुंगीएवढ्या अक्षरात, सोळाही गाण्यांपुढे नावं लिहिली. एकदाही अडल्या नाहीत.

लग्नसराईत चेंदणी कोळीवाड्यातून, खाडीपलीकडच्या गावांतून हळदीच्या गाण्यांना मागणी असायची. त्या कॅसेटांवर सर्रास ‘पारंपरिक’ छापलेलं. धवलारणींच्या, म्हणजे लग्नविधीत गाणाऱ्या बायकांच्या, तोंडून पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या धवल्यांना ते शोभतं. पण मोटारसायकलीवरून येणाऱ्या नवरदेवाचं गाणं पारंपरिक कसं? ते कुणीतरी बसून लिहिलेलंच असणार ना! ‘पारंपरिक’ म्हटलं की कुणाला विचारायला नको, पैसे द्यायला नकोत.

आपल्या कोष्टकात १९५५च्या ‘गीतरामायणा’पुढे बाबूजींबरोबर गदिमांचं नाव आलंय. वर्षभर आकाशवाणीवर गाजलेल्या ५६ गीतांचा कवी वगळायची छाती कुणाची होणार! ‘झिंगाट’पुढे अजय-अतुल आहेत. तेही बरोबरच, कारण शब्दही त्यांचेच आहेत. पण ‘नटरंग’मधल्या लावणीपुढे बेला शेंडे आहेत आणि गुरू ठाकूर नाहीत. ‘आयुष्यावर बोलू काही’पुढे संदीप खरे आहेत, पण ते स्वतः गातात म्हणून. आता नाव टिकवायचं तर कवीने गळाही कमवायचा की काय?

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देऊन टाकता येणार नाही, अशी सोय झाली. पण वाटा द्यायचा तर आधी गाणं कुणाचं ते नोंदलेलं हवं. माझ्या नातवाच्या मोबाइलवर गाणं लागलं की गायकाचं नाव, फोटो सगळं दिसतं. गीतकार शोधायला तीन ठिकाणी बोट दाबावं लागतं, आणि तरी सापडेलच असं नाही.

तेव्हा विनंती एवढीच की कोष्टक पुन्हा छापावं, चौथ्या रकान्यासकट. जागा अपुरी पडत असेल तर वर्षाचा रकाना काढा. तलावपाळीवर दिवाळी पहाटेला येणारा कुणीही वर्ष विचारत नाही.

कात्रणाच्या समासात मी नावं भरून ठेवली आहेत, मुंगीएवढ्या अक्षरात. झेरॉक्स सोबत जोडतोय. एके ठिकाणी शाई पसरली आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.

आपला,
एक जुना कॅसेटवाला
नौपाडा, ठाणे (पश्चिम)