एइबारची साइडलॉक दुनळी आणि बंदूक न उघडता लिहिलेला मूल्यांकन अहवाल : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शस्त्रे खरेदी-विक्री व मूल्यांकन विभाग,
मुंबई.

विषय : स्पॅनिश बनावटीच्या बारा बोअर दुनळीची चुकीची ओळख, चुकीचे मूल्यांकन आणि त्याच भावात ती विकत घेण्याचा आपला प्रस्ताव.

महोदय,

माझे वडील वारल्यावर त्यांची दुनळी शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे आपल्या दुकानात जमा केली. त्याची पावती माझ्याजवळ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि माझ्या थोरल्या भावाच्या परवान्यावर दोन आधीपासून आहेत. म्हणून ही बंदूक माझ्या परवान्यावर घ्यायची आणि भावंडांना त्यांचा हिस्सा रोख द्यायचा, असे घरात ठरले. त्यासाठी रीतसर शुल्क भरून आपल्याकडून लेखी मूल्यांकन मागवले.

आपल्या अहवालाचा सारांश असा : निर्माता ‘बेलोटा’, बॉक्सलॉक (म्हणजे बार उडवणारी यंत्रणा मधल्या चौकटीत असलेली), बाजूंना शोभेच्या प्लेट, १९८० नंतरची, दोन नळ्यांवर दर्जाच्या खुणा वेगवेगळ्या, सबब एक नळी बदललेली, किंमत चाळीस हजार रुपये. यातले एकही विधान बरोबर नाही. अहवाल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या प्रतिनिधींचा फोन आला, की याच भावात दुकान बंदूक ठेवून घ्यायला तयार आहे, कारण ‘स्पॅनिश माल हलकाच असतो’. ही तक्रार अहवालाविषयी आहे आणि त्या फोनविषयीही.

आधी निर्मात्याचे बघू. बेलोटा हा बंदूक बनवणारा कारखाना नाही. ते पोलादाचे नाव आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशात गिपुस्कोआ प्रांतातल्या लेगास्पी गावी हे पोलाद तयार होई, आणि आसपासच्या अनेक बंदूक कारखान्यांनी नळ्यांसाठी ते वापरले. म्हणून नळीवर ‘आसेरो बेलोटा’ असा छाप दिसतो. आसेरो म्हणजे पोलाद. कारखान्याचे नाव त्याच नळ्यांवर, दोन नळ्यांमधल्या पट्टीलगत, बारीक अक्षरांत आहे : अगिर्रे इ अरांसाबाल, एइबार. जगभर जिला एवायए म्हणतात तीच ही कंपनी, १९१५ च्या सुमारास सुरू झालेली. भिंग घेऊन दिव्याखाली धरले तर अक्षरे आजही लागतात. आपल्या माणसाने मोठा छाप वाचला आणि पुढचे वाचलेच नाही.

एइबार हे पिढ्यान्‌पिढ्या बंदुका घडवणारे गाव आहे. उगार्तेचेआ, ग्रुया, अर्रिसाबालागा, गार्बी हे कारागीर तिथले, आणि अर्रिएता शेजारच्या एल्गोइबारचे. त्याच गावातून स्वस्त, साध्या दुनळ्याही ढिगाने बाहेर गेल्या, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच तर नुसते ‘मेड इन स्पेन’ वाचून किंमत ठरवता येत नाही. एकाच एवायए कारखान्याची क्रमांक ४ ची बॉक्सलॉक आणि क्रमांक १ किंवा २ ची, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडच्या धर्तीवर केलेली साइडलॉक, म्हणजे यंत्रणा दोन्ही बाजूंच्या प्लेटवर बसवलेली, यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. कोणती आहे हे ओळखणे हेच मूल्यांकनाचे मुख्य काम. आपण शुल्क त्याचेच घेतले.

आता बॉक्सलॉक की साइडलॉक. बॉक्सलॉकला नुसत्या शोभेच्या प्लेट लावलेल्या बंदुका स्पेनमध्ये पुष्कळ झाल्या, त्यामुळे शंका येणे रास्त आहे. पण ती फेडायला फार वेळ लागत नाही. शोभेच्या प्लेटमागे यंत्रणा नसते. आमच्या बंदुकीच्या दोन्ही प्लेटवर आतल्या पिनांची टोके दिसतात, आणि हॅमरच्या आसाच्या टोकावर सोन्याची बारीक रेघ आहे. बंदूक चढवली की ती रेघ फिरते, म्हणजे कोणती बाजू चढलेली आहे ते बाहेरून कळते. डाव्या प्लेटवर एक छोटा लिव्हर आहे. तो हाताने फिरवून सोडवला की दोन्ही लॉक स्क्रू-ड्रायव्हरशिवाय निघतात. वडील दिवाळीच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून हे करत. लॉक हातात देऊन ते मला दुसरा सीअर, म्हणजे हॅमरला अडवून धरणारी खीळ, दाखवत : बंदूक पडली, धक्का बसला आणि हॅमर पहिल्या सीअरवरून निसटला, तरी हा दुसरा त्याला वाटेतच अडवतो. पहिली ते दहावी मी दर वर्षी ते पाहिले आहे. अशा बंदुकीला आपल्या अहवालाने ‘बॉक्सलॉक’ म्हणावे हे मला सहन होत नाही.

नळ्यांचेही तसेच. नळ्या काढून खालचा ठोकळा पाहिला तर त्याच्या मधोमध केसासारखी एक सरळ रेघ दिसते. प्रत्येक नळी आपल्या अर्ध्या ठोकळ्यासकट एकाच पोलादातून घडवून मग दोन्ही जोडल्याची ती खूण. इंग्रज कारागीर याला चॉपर लंप म्हणतात. हे खर्चिक काम आहे आणि खरेदीदार ते आवर्जून बघतात. अहवालात त्याचा उल्लेख नाही.

वर्षाची चूक तर न होण्यासारखी होती. एइबारच्या प्रूफ हाऊसमध्ये, म्हणजे नळ्यांची ताकद तपासून त्यांवर शिक्के मारणाऱ्या संस्थेत, १९२७ पासून प्रत्येक वर्षाला अक्षर ठरवलेले आहे. १९२७ ला ए, आणि १९५५ पासून ए-१, बी-१ असा दुसरा फेरा. आमच्या नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर एच-१ आहे, म्हणजे १९६२. वडील परदेशातली नोकरी संपवून परतताना ही बंदूक घेऊन आले, आणि त्यांच्या परवान्यावर १९६४ ची नोंद आहे : ‘डीबीबीएल १२ बोअर, मेड इन स्पेन’. डीबीबीएल म्हणजे मागून भरायची दुनळी. त्या परवान्याची प्रत मी अर्जासोबत जोडली होती. १९६४ च्या परवान्यावरची बंदूक १९८० नंतरची कशी असेल, एवढा प्रश्नही अहवालावर सही करणाऱ्याला पडला नाही.

आणि तारे, म्हणजे आपण ज्यांना दर्जाच्या खुणा म्हटलेत त्या. उजव्या नळीवर चार आहेत, डावीवर दोन. यावरून आपण ‘वेगळा दर्जा, नळी बदललेली’ असा निष्कर्ष काढलात आणि किंमत पाडलीत. हे तारे चोकचे, म्हणजे नळी तोंडाशी किती आवळली आहे त्याचे आहेत, दर्जाचे नव्हेत. एक तारा म्हणजे फुल चोक, दोन म्हणजे पाऊण, तीन म्हणजे अर्धा, चार म्हणजे पाव. दुनळीत पहिल्या चापाची नळी मोकळी आणि दुसरीची आवळलेली ठेवतात, कारण दुसरा बार लांबच्या पक्ष्यावर पडतो. दोन नळ्यांवरचे तारे वेगळे असणे ही दुनळीची नेहमीची रचना आहे, नळी बदलल्याची खूण नव्हे. ज्या गोष्टीने किंमत टिकायला हवी, तिच्याच नावाने आपण ती कापली.

अहवालातले सगळे फोटो बंद बंदुकीचे आहेत. फोरएंड (नळ्यांखालचे लाकूड) काढलेला, नळ्या उतरवलेल्या असा एकही फोटो नाही. नळीच्या भिंतीची जाडी मोजलेली नाही. प्रूफच्या वेळचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये नळ्यांवरच कोरलेला असतो. आजचा बोअर मोजून त्याच्याशी ताडला, की नळ्या आतून घासल्या गेल्या आहेत का ते कळते. विदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसाला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, म्हणून देशात आहेत त्याच बंदुका हस्तांतरित होत राहतात, हे आपल्या व्यवसायात कोणाला सांगावे लागू नये. अशा बाजारात मोजमापाशिवाय लिहिलेला आकडा म्हणजे अंदाज, आणि अंदाजाचे शुल्क आपण मूल्यांकन म्हणून घेतले.

सगळ्यात वाईट मला फोनचे वाटले. जो किंमत ठरवतो तोच त्या किमतीला विकत घ्यायला येतो, तेव्हा घरातल्या माणसांनी कोणावर विश्वास ठेवायचा? माझ्या बहिणीने अहवाल वाचून ‘देऊन टाकू, कटकट मिटेल’ असे म्हटले. वडिलांचे कोणी नसते, किंवा कोणाला साइडलॉक म्हणजे काय ते माहीत नसते, तर बंदूक त्याच आठवड्यात गेली असती. आपल्याकडे जमा होणाऱ्या बंदुकांतल्या बऱ्याच अशाच, मागे राहिलेल्यांच्या असतात. त्यांना आपला कागद हाच आधार असतो.

तरी माझी मागणी आहे की हा अहवाल लेखी रद्द करून त्याचे पत्र माझ्यासह भाऊ आणि बहीण दोघांनाही पाठवावे, कारण प्रत त्यांच्याकडेही आहे. शुल्क परत करावे. बंदूक साइडलॉक जाणणाऱ्या कारागिराकडून माझ्यासमोर उघडून तपासावी आणि खुणांचे फोटो, बोअर व भिंतीची जाडी नव्या अहवालात नोंदवावी. बंदुकीचा क्रमांक कळवून एवायएकडून मॉडेलची खातरजमा मी स्वतः करून घेत आहे. ते उत्तर आले की अहवालाला जोडावे. विकत घेण्याचा प्रस्ताव मागे घ्यावा आणि नवे मूल्यांकन दुकानाचा खरेदीत हितसंबंध नसेल अशा व्यक्तीने करावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन.

दरम्यान माझ्या लेखी परवानगीशिवाय नळ्यांना ब्लूइंग (निळसर-काळा रंग चढवणे), लाकडाला पॉलिश किंवा नक्षीला बफिंग यांपैकी काहीही करू नये. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून नळ्यांना आतून-बाहेरून हलका तेलाचा हात फिरवावा आणि बंदूक कापडी खोळीत न ठेवता मोकळ्या रॅकवर ठेवावी.

आपली,
एक ग्राहक, कोल्हापूर

सोबत : जमा पावती, १९६४ च्या परवान्याची प्रत, आपला अहवाल.