छापलेले हृदय डावीकडेच हवे

मा. संपादक,
स. न.

शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमधल्या (प्रयोगशील कार्यशाळेतल्या) थ्रीडी प्रिंटरवर किचेन आणि नावाच्या पाट्या पुष्कळ छापून झाल्या. आता तो जीवशास्त्राच्या तासाला कामी यावा.

सुरुवात हृदयापासून करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘एनआयएच थ्रीडी’ संग्रहात अवयवांच्या फाइल मोफत मिळतात. प्रौढ माणसाचे हृदय साधारण १२ सेंमी लांब असते. निम्म्या मापात छापले, तर प्लास्टिक जवळपास एक अष्टमांश लागते. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) जाड भिंत आणि उजवीची पातळ भिंत हा फरक तरीही बोटांना कळतो. झडपा मात्र येत नाहीत. ०.४ मिमीच्या नोझलपेक्षा (वितळलेले प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीपेक्षा) पातळ भाग स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडणारे सॉफ्टवेअर, बहुधा गाळून टाकतो. म्हणून झडपा पारदर्शक प्लास्टिकच्या कागदातून कापून चिकटवाव्यात आणि शिवणाच्या दोऱ्याने भिंतीला बांधाव्यात.

मॉडेल उभे कापून, कापलेली बाजू वर ठेवून छापावे. पालथे ठेवले की आधाराचे प्लास्टिक कप्प्यांत अडकते आणि ते उपसताना मधला पडदा फुटतो. पीएलए या छपाईच्या प्लास्टिकसाठी नोझल २०० ते २१० अंश, बेड (छपाईचा पाट) ६० अंश आणि थर ०.२ मिमी पुरेसा. कोकणात पावसाळ्यात फिलामेंट (प्लास्टिकची तार) ओल धरते, मग छपाईत तंतू सुटतात. रीळ सिलिका जेल घालून बंद डब्यातच ठेवावे.

सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. पुस्तकातल्या आकृतीत हृदयाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते. ती ‘चुकली’ असे समजून कोणी स्लायसरमधले मिररचे बटण दाबले, तर आरशातले हृदय तयार होते. तपासणी सोपी आहे: महाधमनी वर आणि मॉडेलची पुढची बाजू समोर ठेवून ते स्वतःच्या छातीशी धरा, टोक आपल्या डावीकडे वळले पाहिजे. डीएनएचेही तसेच. मॉडेल उभे धरल्यावर पुढून दिसणारे धागे डावीकडून उजवीकडे चढत गेले पाहिजेत. आरशातला डीएनए डावखुरा, म्हणजे उलट्या वळणाचा, निघतो आणि मुले तोच खरा मानतात. १ नॅनोमीटरला १ सेंमी धरले, तर जाडी २ सेंमी आणि एका वळणाची उंची ३.४ सेंमी यायला हवी. हे मोजमाप मुलांनाच करू द्यावे.

व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारा) चष्मा एका वेळी एकच मूल लावते, बाकीचा वर्ग ताटकळतो. छापील मॉडेल बाकाबाकावर फिरते. एका अर्ध्या हृदयालाही काही तास लागतात, म्हणून मुख्याध्यापकांनी लॅबच्या वेळापत्रकात जीवशास्त्रासाठी आठवड्यातला एक पूर्ण दिवस राखून ठेवावा.

– जीवशास्त्र शिक्षक, रत्नागिरी