भिंतीवरचे श्रीधरन

दिल्ली,
२३ मे २०२१

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोन लागला तेव्हा आईचं अर्धंच वाक्य पोचलं. "पत्रे उडाले ते उडाले, पण माडाचो शेंडो..." आणि लाइन गेली. शेंड्याचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. तौक्ते जाऊन आठवडा झाला तरी कणकवलीची रेंज काही धड नाही, म्हणून हे पत्र. पोस्टातला माणूस म्हणाला, पोचेल तेव्हा पोचेल. मी मान डोलावली. सध्या दिल्लीत कोणी कोणाशी हुज्जत घालत नाही. मी बरी आहे, ताप नाही, वास येतो. १० तारखेपासून मेट्रो बंद आहे. माझ्या खिडकीतून मेट्रोचा पूल दिसतो, त्यावर दिवसभर कबुतरं बसलेली असतात.

खरं तर रेंज हे निम्मंच कारण. श्रीधरनचा विषय फोनवर निघाला की बाबा आणि मी दोघंही आवाज चढवतो आणि आई टीव्ही मोठा करते. कागदावर कोणाला मध्येच तोडता येत नाही.

बाबा, ह्या वादळात तुम्ही पांबनची गोष्ट सांगितलीत का हो? दर वादळाला सांगता. १९६४च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळात रामेश्वरला जाणारा रेल्वेचा पूल मोडला, दुरुस्तीला सहा महिने लागतील असा अंदाज होता, साहेबाने तीनच दिले आणि बत्तिशीतल्या एका मल्याळी इंजिनिअरने, म्हणजे श्रीधरननी, तो ४६ दिवसांत उभा केला. लाईट गेली, कंदील लागला, की ही गोष्ट यायचीच. यंदा सांगितली नसणार. फेब्रुवारीत ते भाजपमध्ये जाणार म्हटल्यावर तुम्ही त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवलात, आणि मी फोनवर म्हणाले, "बरं केलंत."

ते 'बरं केलंत' मला परत घ्यायचंय. का ते सांगते, पण सावकाश.

आधी पानवल. मी चौथीत असेन. पहाटेच्या एसटीने आपण दोघं रत्नागिरीला गेलो होतो, आईने घावणे आणि लसणीची चटणी बांधून दिलेली. कोकण रेल्वेच्या पुलाचं काम चाललं होतं तिथे दरीच्या कडेला तुम्ही मला उभं केलंत आणि फ्रॉकचा पट्टा मागून घट्ट धरून ठेवलात. खाली ६४ मीटर. पुलाचा वरचा भाग एका टोकाला ओतायचा आणि जॅक लावून मागून पुढे ढकलायचा, असं ते काम होतं. देशात पहिल्यांदाच होत होतं, हे मला पुढे कॉलेजात कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की पूल चालतोय, मुंगीच्या पावलांनी. मी ओरडले तसा हेल्मेट घातलेला एक माणूस हसला. परतीच्या एसटीत तुम्ही सांगितलंत, हे सगळं करणारा साहेब रेल्वेतून रिटायर झालेला आहे, पासष्टीकडे चाललाय आणि अजून साइटवर येतो. मी इंजिनिअर झाले त्यात त्या पट्ट्याचा आणि त्या वाक्याचा वाटा आहे.

मग २६ जानेवारी १९९८. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग लाइन, ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. तुम्ही पेपरातला श्रीधरनचा फोटो कापून फ्रेम करून आणलात आणि साने गुरुजी आणि नाना दंडवते यांच्यामध्ये लावलात. आई म्हणाली, "ह्यो कोण मधी?" तुम्ही म्हणालात, "नानांनी मागितली, ह्यांनी दिली." त्या रांगेतले बाकीचे दोघे आता चुकू शकत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा आहे.

२००९च्या जुलैत दिल्लीत मेट्रोचा बांधकामातला पूल कोसळून कामगार गेले आणि मेट्रोचे प्रमुख असलेल्या श्रीधरननी त्याच दिवशी राजीनामा दिला. शीला दीक्षितांनी तो घेतला नाही. ती बातमी तुम्ही स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलीत म्हणे, आणि गणिताच्या सरांना म्हणालात, समाजवाद म्हणजे हाच. इथे, बाबा, आपली पहिली गडबड झाली. तो समाजवाद नव्हता. आपल्या कामाची जबाबदारी घेणारा एक माणूस होता तो. प्रामाणिक माणूस दिसला की त्याला आपल्यातला धरायचा, ही आपल्या घरची जुनी खोड. निवडणूक आयोगाच्या शेषनांचंही तेच केलंत. (ते आणि श्रीधरन पालघाटला, म्हणजे पालक्काडला, शाळेत एका वर्गात होते, हे तुम्हीच सांगायचात.) शेषन १९९७मध्ये शिवसेनेच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि दोनच वर्षांत काँग्रेसकडून अडवाणींच्या विरोधात. तुम्ही दोन्ही वेळा कपाळाला हात लावलात.

पण खरा घाव जॉर्ज फर्नांडिसांचा. श्रीधरनचा राग हा निम्मा जॉर्जवरचा उरलेला राग आहे असं मला वाटतं. जॉर्ज रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, म्हणून १९९०मध्ये कोकण रेल्वे कागदावरून उठली. त्याच जॉर्जना आठ वर्षांनी तुम्ही वाजपेयींच्या मंत्रिमंडळात बघितलंत. २००२मध्ये गुजरातवर ते लोकसभेत बोलत होते तेव्हा तुम्ही उठून पडवीत जाऊन बसलात, आईने जेवायला हाक मारली तरी आला नाहीत. त्या रागाला कारण होतं. जॉर्जनी तुम्हाला शब्द दिला होता. त्या शब्दासाठी आणीबाणीत तुम्ही रात्री सायकलवरून पत्रकं वाटलीत, आईने दारामागे काठी ठेवून रात्री काढल्या. तो शब्द मोडला.

श्रीधरननी आपल्याला काय शब्द दिला होता? गाडी येईल. आली.

बाकी काही त्यांनी लपवलं होतं असंही नाही. २०१९मध्ये दिल्ली सरकारने बायकांना मेट्रो फुकट करायची म्हटलं तेव्हा त्यांनी थेट मोदींना पत्र लिहून विरोध केला. २००२मध्ये पहिली गाडी सुटली तेव्हा वाजपेयींनीसुद्धा तिकीट काढलं होतं, हे त्यात होतं. आणि खरं सांगू? मी तेव्हा त्यांच्या बाजूने होते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही तासभर ऐकवलं असतंत. फुकट, सवलत, मागणी, मोर्चा ह्या शब्दांवर त्यांच्या कपाळाला आठी पडणार हे त्यांचं काम बघणाऱ्याला दिसत होतं. आपण फक्त पूल बघितले.

तेव्हा १८ फेब्रुवारीला ते भाजपमध्ये जाणार ही बातमी आली, ते अठ्ठ्याऐंशीचे होते, त्यात धक्का बसण्यासारखं फारसं नव्हतं. तरी मला बसला. रात्रभर मी त्यांच्या मुलाखती ऐकत बसले. केरळचा मुख्यमंत्री व्हायची तयारी आहे म्हणाले, राज्यपालपद नको, त्यात अधिकार नसतो. हे ऐकून मला हसू आलं, अगदी प्रोजेक्टच्या मीटिंगमधलं वाक्य. पण पुढे 'लव्ह जिहाद'वर बोलायला लागले. मुलींना फसवून लग्नं लावली जातात, केरळात हे आपण बघितलंय वगैरे. मी लॅपटॉप मिटला. मलप्पुरमची माझी मैत्रीण तुम्हाला आठवते, जिने आईकडून आंबोळ्या शिकून घेतल्या आणि जिचा नवरा नायर आहे. ती आणि मी एकाच हॉस्टेलात त्यांचे पूल पाठ करून परीक्षा दिल्या. तिला फोन करायचं माझ्याने होईना. शेवटी तिनेच केला. म्हणाली, कोचीचा पालारिवट्टम उड्डाणपूल त्यांनी पाच-सहा महिन्यांत नव्याने बांधून दिला, मी रोज त्यावरून जाते, आणि माझ्या लग्नाबद्दल त्यांना काय वाटतं ते मी त्यांना विचारलेलं नाही. मग जरा थांबून म्हणाली, "पण त्यांनी न विचारता सांगितलं." एवढंच. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

आणि ते पाय. प्रचारात लोक त्यांचे पाय धुतायत असा फोटो आला, टीका झाली, तर म्हणाले ही आपली संस्कृती आहे, आदर दाखवायची रीत आहे. पक्षापेक्षा मला तो फोटो जास्त लागला. साइटवरच्या माणसाचे पाय मी नेहमी सेफ्टी शूजमध्ये बघितलेत, चिखलाने भरलेले.

आता बाबा, तुम्हाला टोचेल असं एक लिहिते. आईने हा परिच्छेद आधी वाचून बघावा.

आपल्याला वाटतं, इंजिनिअर श्रीधरन एक आणि हे राजकारणी श्रीधरन दुसरे. मला तसं दिसत नाही. पैसा आणि अधिकार एका हाती, मंत्र्याचा फोन चालणार नाही, तारीख ठरली म्हणजे ठरली, ही त्यांची रीत. पंधरा वर्षं साइटवर काढलेल्या मला ती सोन्यासारखी वाटते. पण ती रीत गोव्यात काय झाली आठवा. तिथले लोक रस्त्यावर आले होते. लाइन किनाऱ्याजवळून नको, आमची खाजणं, खाडीकाठची शेतं, जातील, जुनं गोवं जवळ आहे, मागून डोंगराकडून न्या म्हणत होते. काम थांबलं, चौकशी नेमली गेली, आणि लाइन बरीचशी होती तिथूनच गेली. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "गोंयकारांक विकास नको." आंदोलनाला कधी नावं न ठेवणारे तुम्ही, पण ह्या आंदोलनाने आपली गाडी लांबत होती. मी चौथी-पाचवीतली, मला ते वाक्य आवडलं होतं, म्हणून लक्षात राहिलं. लोकांना विचारत बसलो तर काही होत नाही, एक खमका माणूस पाहिजे, हे आपल्या पडवीतही बोललं गेलंय. श्रीधरन त्या वाटेने सरळ पुढे चालत गेले. आपण मध्येच कुठेतरी उतरलो, एवढाच फरक, आणि उतरलो ते बरंच झालं.

मी त्यांच्या बाजूने बोलतेय असं समजू नका. ते उभे होते त्या पालक्काडला माझं मत असतं तर मी त्यांना दिलं नसतं.

२ मेची गोष्ट सांगते. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर एकीकडे ऑक्सिजन सिलिंडरसाठी मेसेज येत होते. शेजारच्या काकांसाठी मीही फोन फिरवत होते. मधल्या वेळात पालक्काडचा निकाल उघडत होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत ते पुढे होते. मग आकडा कमी होत गेला. शेवटी काँग्रेसच्या शफी परंबिल यांच्याकडून ३,८५९ मतांनी हरले. मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. नाही वाटलं. तो पक्ष हरायला हवा होता आणि तो म्हातारा हरायला नको होता, आणि दोन्हीला मत एकच होतं. निकालाच्या आधीच त्यांनी पालक्काडला आमदार म्हणून ऑफिस थाटलं होतं, असं वाचलं. मुदतीच्या आधी काम संपवायची सवय.

आईने फेब्रुवारीतच विचारलं होतं, "ह्या वयात तेका कित्याक व्हया होतां ह्यां?" आपण दोघं तेव्हा तत्त्वावर भांडत होतो, तिच्याकडे कोणी बघितलं नाही. मला त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. बाबांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी कौलांवर चढायला कशाला लागतं, ह्याचंही नाही. परवा चढला होतात, हे मला शेजारून कळलंय. माणूस लावा. पैसे पाठवलेत.

दुसऱ्या डोसचं: आता अंतर वाढवलंय, ८४ दिवस झाल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका, तिथल्या गर्दीतच काहीतरी घेऊन याल. आईच्या बी.पी.च्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवा. माडाच्या शेंड्याचं काय झालं ते लिहा, नाहीतर मेसेज टाका, रेंज येईल तेव्हा येईल.

आणि तो फोटो. जागेवर परत लावा असं मी म्हणत नाही. आईने तिथे कॅलेंडर लावलंय आणि दुधाचा हिशेब त्यावर सुरू झालाय, ते आता हलणार नाही. पण तुम्ही टाकला नसणार, मला माहितेय, रद्दीतसुद्धा घातला नसणार. कपाटात खालच्या कप्प्यात दंडवत्यांच्या भाषणांच्या वह्यांखाली बघा. फ्रेम राहू द्या, काच फुटेल. नुसतं कात्रण पाकिटात घालून पाठवा. त्याच्या मागे खताची जाहिरात आहे, घडी घालताना तिच्यावरून घाला, त्यांच्या चेहऱ्यावरून नको.

तुमची,
बाय