बाबा, इथल्या मिलवाल्यांचं असं असतं

ती. आई-बाबांस,
सा. न.

रविवारी बाबांनी विचारलं आणि नेमकी तेव्हाच तुमच्याकडची लाईट गेली. "तिकडे अमेरिकेत मिल बंद पडली तर सरकार दोन-दोन वर्षं घरबसल्या पैसे देतं म्हणे?" हे काकांच्या मोबाईलवरून आलेलं दिसतंय.

देत होतं, बाबा. पण घरबसल्या नाही.

१९६२ साली केनेडींनी बाहेरच्या मालावरची जकात कमी करायचं ठरवलं, तेव्हाच हा कायदा आला, 'ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स' नावाच्या योजनेचा. स्वस्त माल आल्याने ज्यांचं काम जाईल त्यांना हात द्यायचा, असा तो सौदा. अटी मात्र अशा घातल्या की पहिली सात वर्षं एकही कामगार त्यात बसला नाही! पुढे १९७४ मध्ये कायदा सैल केला, तेव्हा कुठे लोकांना पैसे दिसू लागले.

पद्धत अशी होती. तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा, किंवा युनियनने. मग वॉशिंग्टनहून चौकशी. मालकाला विचारणार, मालकाच्या गिऱ्हाइकांनाही विचारणार, की बाबांनो, तुम्ही बाहेरचा माल जास्त घ्यायला लागलात का? तसं ठरलं, किंवा मालकाने कामच परदेशात हलवलं असलं, तर अर्ज मंजूर. मग नवीन शिक्षणाची फी सरकार भरणार, आणि शिकताय तोवर, बेकारी भत्ता धरून, १३० आठवड्यांपर्यंत घरखर्चाला पैसे. पण सहा महिन्यांत वर्गात नाव घालायला हवं असे. पन्नाशी उलटलेल्या माणसाने कमी पगाराची नोकरी धरली तर दोन पगारांतल्या फरकाचा निम्मा भाग मिळे, दोन वर्षांत मिळून फार तर १० हजार डॉलर.

आमच्याच राज्यात, नॉर्थ कॅरोलायनात, कॅनापोलिस म्हणून गाव आहे. टॉवेल-चादरींची मिल, आणि मिल म्हणजेच गाव. ३० जुलै २००३ ला पिलोटेक्स कंपनीने तिथे टाळं लावलं आणि चार हजारांवर माणसं घरी बसली. कित्येकांनी शाळासुद्धा पुरी केली नव्हती. त्यांतली बरीच वह्या घेऊन कॉलेजात आली, ती याच योजनेतून. मिलच्या जागेवर आता प्रयोगशाळांच्या चकचकीत इमारती आहेत. आपल्या लोअर परळला मॉल उठले, तसंच.

बाबा, मला राग येतो तो त्या 'का'चा. काम का गेलं, हे आधी सिद्ध करा. तुमची मिल काही परदेशी कापडाने मारली नाही. संप झाला, भिवंडीचे पॉवरलूम होते, मालकाचा डोळा जमिनीवर होता. या चाळणीत तुम्ही बसलाच नसता. आपल्याकडच्या १९८६ च्या पुनर्वसन निधीने निदान ते विचारलं नाही. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, मग ५०, मग २५. ते हातात पडायला तुम्ही किती खेपा घातल्या, आणि तोवर आईने खानावळीचे किती डबे भरले, ते मला आठवतं. तिकीट नंबर लिहिलेलं ते खाकी पाकीट अजून ट्रंकेतच आहे ना?

माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक गृहस्थ येतात. वय ५८. एकतीस वर्षं सूतखात्यात काढली. त्यांची मिल गेल्या वर्षी बंद झाली, आयातीमुळेच. पण १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर करणंच थांबलंय, इथल्या संसदेने मुदत वाढवली नाही. त्यामुळे दिवसा गोदामात खोकी उचलतात आणि रात्री माझ्याकडे अपूर्णांक शिकतात. हाताच्या बोटांना सुताच्या बारीक रेघा पडलेल्या आहेत, तुमच्यासारख्याच.

पाव मोठा की एक-अष्टमांश, यावर ते सारखे अडायचे. खालचा आकडा वाढला की भाग लहान, हे डोक्यात शिरेना. शेवटी मी फळ्यावर लिहिलं, २० काउंटचं सूत, ४० काउंटचं सूत. जाड कुठलं? "वीस," पटकन म्हणाले. "चाळीसची चाळीस लडी, प्रत्येकी ८४० यार्ड, तेव्हा कुठे एक पौंड." मी गप्पच झाले. ८४० चा आकडा मला तुम्ही शिकवला होता, चाळीच्या गॅलरीत. मी म्हटलं, माझे वडील साचेखात्यात कापड विणायचे, मुंबईला. ते खुर्चीत सरळ बसले. अपूर्णांक त्यानंतर दहा मिनिटांत सुटले.

सुट्टीनंतर त्यांना आवरायला मदत केली. बॅगेतून टॉवेल बाहेर आला, त्यांनी कोपरा उलटून लेबल दाखवलं. 'मेड इन इंडिया'. मला कसंसंच झालं. ते मात्र टॉवेल दोन बोटांत चोळत म्हणाले, "सूत चांगलंय हं."

त्यांनी तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ताण्याचे उभे धागे तुटू नयेत म्हणून तुमच्या खात्यात हवा ओली कशी ठेवायचे? पाण्याचे फवारे होते, की नुसत्या खिडक्या बंद? येत्या रविवारी फोन करते, तेव्हा सांगा, मी लिहून घेईन. आईला म्हणावं, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आधी कळव.

तुमची,
ताई